तुमचा मेल कुणाच्या कचऱ्यात?

एक काम करा बॉस. पुढचं वाचण्याआधी मोबाइल काढा आणि मेलमधला स्पॅम फोल्डर उघडा. शेवटचा कधी उघडला होतात, आठवतंय? नाही ना? आत काय असेल ते मी न बघता सांगतो. प्री-अप्रूव्ड लोन. टकलावर पीक आणणारं तेल. तुम्ही कधी मागवलंच नव्हतं अशा पार्सलची, ते कस्टममध्ये अडकल्याची खबर. आणि परदेशातल्या त्या श्रीमंत विधवाबाई, ज्या गेली पंचवीस वर्षं मरणशय्येवर आहेत आणि ज्यांना आपली सगळी इस्टेट नेमकी तुमच्याच नावावर करायची आहे. (बाईंच्या तब्येतीला मानलं पाहिजे.)

हा सगळा माल इनबॉक्समध्ये नाही, शेजारच्या फोल्डरमध्ये पडलाय, हे आपण किती सहज धरून चालतो! ज्यांनी २००३-०४ च्या सुमाराला सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून मेल चेक केलाय त्यांना आठवत असेल. अर्धा तास नुसता डिलीट करण्यात जायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासात मित्राचा एक फॉरवर्ड उघडायचा. तोही अर्धाच. जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. कसला सुटतोय! कॅस्परस्की या अँटीव्हायरसवाल्या कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ मध्येही जगातल्या एकूण ईमेलपैकी सुमारे ४५ टक्के स्पॅमच होता. फरक इतकाच की मधल्या काळात दारावरचा वॉचमन हुशार झाला.

पूर्वीचा वॉचमन ठरावीक शब्द बघायचा. ‘फ्री’ दिसलं की हाकल. मग स्पॅमवाल्यांनी ‘फ्री’च्या मधे टिंबं घालायला सुरुवात केली आणि वॉचमन गंडला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रॅमरने एक लेख लिहून वेगळी कल्पना लोकप्रिय केली: तुम्हाला आलेले चांगले मेल आणि वाईट मेल वेगळे करा, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजा आणि त्यावरून नव्या मेलची शक्यता काढा. म्हणजे वॉचमनला नियमांची यादी द्यायची नाही, माणसं ओळखायला शिकवायचं. आज मोठ्या कंपन्यांकडे जे आहे ते याच्या कितीतरी पुढचं आहे. ते मेलमधले शब्द बघतातच, पण त्याहून जास्त बघतात ती पाठवणाऱ्याची पत. कोण, कुठून, आधी कसा वागला होता.

आणि इथेच गोची आहे. वॉचमन जितका कडक, तितकं एखाद्या सभ्य पाहुण्याला गेटवर ताटकळत राहावं लागणार. तो पाहुणा आपणच असलो तर?

दिवाळीत मी चिखलीला होतो. बुलढाणा जिल्ह्यातली चिखली, पिंपरी-चिंचवडमधली नव्हे (हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं). घाटावरचं गाव, माझ्या मामाचं. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, जालना, देऊळगाव राजा करत सकाळी उतरायचं. रेल्वे नाही. खामगाव-जालना लाइनची वाट बघण्यात आजोबांची पिढी गेली, आता मामाची चाललीय. फायबर मात्र आलंय, आणि मामा सोयाबीनचे भाव लॅपटॉपवर बघतो.

मामाची पोरगी वऱ्हाडातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातून पास झालीय. कॉलेजचं नाव सोडून द्या, ही गोष्ट कुठल्याही कॉलेजची असू शकते. तिने जर्मनीतल्या एका विद्यापीठात मास्टर्ससाठी अर्ज केला होता. तिथली अट अशी की शिफारसपत्र प्राध्यापकांनी स्वतः, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पाठवायचं. जीमेल चालणार नाही. सरांनी दसऱ्याच्या आधीच पत्र पाठवलं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जर्मनीहून मेल आला की तुमचं शिफारसपत्र आम्हाला मिळालेलं नाही, ही शेवटची आठवण.

“दादा, सर म्हणतात दोनदा धाडलं. सेंटमध्ये दिसते. मंग ते गेलं कुठी?”

“पोस्टानं धाडलं असतं त पावती तरी भेटली असती,” मामा फराळाचं ताट सरकवत म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

सरांना फोन करून तेच पत्र माझ्या जीमेलवर पाठवायला सांगितलं. पाच मिनिटं इनबॉक्समध्ये काही नाही. स्पॅम फोल्डर उघडला तर तेल आणि विधवाबाई यांच्या मधोमध सरांचं पत्र! कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट, मुलगी किती कष्टाळू आहे ते सांगणारं. जर्मनीत काय झालं असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता यातली मेख समजून घ्यायला थोडं मागे जाऊ. ईमेल ज्या नियमावर चालतं ना, तो १९८२ सालचा आहे. आणि तो नियम म्हणजे शुद्ध पोस्टकार्ड. कार्डावर ‘प्रेषक’ म्हणून तुम्ही काहीही लिहा, पोस्टमन विचारत नाही. ‘प्रेषक: जिल्हाधिकारी, बुलढाणा’ असं लिहून मी पुण्याच्या डेक्कनवरून कार्ड टाकलं तरी ते पोचणारच. ज्यांनी हा नियम केला ते बावळट नव्हते. तेव्हाचं नेटवर्क म्हणजे काही विद्यापीठं, काही संशोधन संस्था आणि अमेरिकन लष्कर. सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. वाड्यात दाराला कडी कशाला?

गंमत म्हणजे जगातला पहिला स्पॅम याच वाड्यात आला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्कने अमेरिकेच्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या मॉडेलच्या डेमोचं आमंत्रण एकदम पाठवलं. त्यातले बरेच विद्यापीठांमधले. म्हणजे नको असलेल्या मेलचा जन्मच विद्यापीठांच्या नेटवर्कवरचा. आपल्याकडेही सुरुवात विद्यापीठांच्या जगातूनच झाली. १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक नेटवर्कचा प्रकल्प सुरू झाला, आणि जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात डायल-अपवरून मेलची देवाणघेवाण होऊ लागली. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर ईमेल ही प्राध्यापकांची मिरासदारी होती.

त्या काळातले मेल सर्व्हर म्हणजे धर्मशाळा. कुणीही या, कुणाच्याही नावाचं पत्र द्या, आम्ही पुढे पोचवू. याला ओपन रिले म्हणायचे आणि ते चांगुलपणाचं लक्षण मानलं जायचं. विद्यापीठांचे सर्व्हर दणकट, लाइन जाड, कुलूप नाही. स्पॅमवाल्यांना आणखी काय हवं? सेंडमेल हे तेव्हाचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्याने १९९८ च्या ८.९ आवृत्तीपासून धर्मशाळेचं दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तोपर्यंत ‘वाळीत टाकायची’ पद्धतही सुरू झाली होती. ज्या सर्व्हरवरून घाण येते त्याचा पत्ता एका यादीत टाकायचा. जगभरचे सर्व्हर ती यादी बघणार आणि त्या पत्त्यावरून आलेलं काहीच घेणार नाहीत. १९९८ साली लंडनमध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही यातली सगळ्यात वजनदार पंचायत. माणसांना वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींच्या विरोधात महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सर्व्हरला मात्र तसलं काही संरक्षण नाही, आणि खरं सांगायचं तर नसलेलंच बरं. कारण ही पंचायत सहसा पुराव्यानिशी बोलते, आणि आपण घर साफ केलं की परत पंक्तीला बसवते.

मी वाळीत पडलेलं विद्यापीठ आतून बघितलंय. इंजिनीअरिंगनंतर दोन वर्षं एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये होतो. कुठल्या ते विचारू नका. साल २०१२. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोफोस या सिक्युरिटी कंपनीने जाहीर केलं होतं की जगात सगळ्यात जास्त स्पॅम आता भारतातल्या कॉम्प्युटर्सवरून निघतोय. ९.३ टक्के. अमेरिकेला मागे टाकलं! पेपरात बातमी वाचून आमच्या कँटीनमध्ये कुणीतरी पेढे मागितले होते. पण त्याचा अर्थ काय, तर व्हायरस लागलेले आपले पीसी परक्याच्या इशाऱ्यावर रात्रभर जगाला मेल धाडत होते आणि मालकाला पत्ता नव्हता. वायफाय स्लो आहे म्हणून तो सर्व्हिस प्रोव्हायडरला शिव्या घालत होता.

एका शुक्रवारी संध्याकाळी परीक्षा विभागातल्या एका ज्येष्ठ क्लार्कना मेल आला: तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चोवीस तासांत खालच्या लिंकवर पासवर्ड टाका, नाहीतर खातं बंद होईल, खाली सही ‘सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. आता बघा, त्यांचा मेलबॉक्स खरोखरच बारा महिने भरलेला असायचा. महिन्यातून एकदा आमच्याकडूनच त्यांना तसा फोन जायचा. त्यांनी पासवर्ड टाकला यात त्यांचं काय चुकलं?

सोमवारी सकाळी सर्व्हरच्या रांगेत हजारो मेल तुंबले होते. सगळे त्यांच्या नावाने. शनिवार-रविवारी किती निघून गेले ते वेगळंच. दुपारपर्यंत आम्ही दोन ब्लॅकलिस्टवर झळकलो. आणि नेमका मोसम असा की परदेशी विद्यापीठं आपल्या मुलांच्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते ईमेलवर विचारत होती. परीक्षा विभाग ‘होय, खऱ्या आहेत’ असं उत्तर देत होता आणि ते उत्तर तिकडच्या गेटवरून परत येत होतं. एका मुलाचे वडील सेंटरच्या दारात येऊन बसले. ते एसटीने आले होते, हातात मार्कशीटची फाइल, आणि त्यांचं म्हणणं इतकंच होतं की साहेब, तुम्ही एक मेल करा ना. त्यांना डीएनएस ब्लॅकलिस्ट काय सांगणार? शेवटी त्या मुलाचं पत्र कुरियरने गेलं.

आमचे सर, सेंटरचे प्रमुख, कमी बोलायचे. त्या आठवड्यात सगळे म्हणत होते की नवा, महागडा स्पॅम फिल्टर घ्या. सर म्हणाले, “नळ आपला गळतोय. शेजाऱ्याने बादली मोठी आणायची का?” मला तोवर स्पॅम म्हणजे बाहेरून येणारी गोष्ट वाटायची. सगळ्यांनाच वाटते. सरांनी पहिल्यांदा उलटं बघायला लावलं: विद्यापीठातून काय बाहेर जातंय ते बघा, येणाऱ्याचं नंतर बघू.

मग ज्या गोष्टी केल्या त्या कुणालाच आवडल्या नाहीत. कॅम्पसमधून मेल बाहेर पडण्याचा जो रस्ता असतो, पोर्ट २५, तो विद्यापीठाचा मेल सर्व्हर सोडून सगळ्यांसाठी बंद केला. हॉस्टेलचे पीसी पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने भरलेले होते. ते बिचारे आतल्या आत ओरडत राहिले, बाहेर आवाज जाईना. एका खात्यातून तासाला किती मेल जाऊ शकतात त्याला मर्यादा घातली. कारण सरळ आहे, कितीही कामसू क्लार्क असला तरी रात्री तीन वाजता तासाला हजार पत्रं लिहीत नाही. ही मर्यादा लागल्याबरोबर एक प्राध्यापक तावातावाने आले. त्यांना आपल्या कॉन्फरन्सचं आमंत्रण देशभरच्या तीन हजार जणांना एका दमात पाठवायचं होतं. “हा अ‍ॅकॅडमिक स्वातंत्र्यावर घाला आहे!” सरांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, या तीन हजारांपैकी किती जण तुम्हाला ओळखतात? चहा संपेपर्यंत उत्तर आलं नाही.

येणाऱ्या मेलसाठीही एक स्वस्त युक्ती लावली, ग्रेलिस्टिंग. २००३ मध्ये इव्हान हॅरिस नावाच्या माणसाने ती मांडली. अनोळखी सर्व्हर दारात आला की त्याला सांगायचं, ‘आत्ता साहेब कामात आहेत, थोड्या वेळाने या.’ खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, तसा नियमच आहे. स्पॅम धाडणाऱ्या भाडोत्री पीसीला तेवढा दम नसतो, तो पुढच्या दाराकडे पळतो. सरकारी ऑफिसातलं ‘उद्या या’ कधी कुणाच्या उपयोगाला आलं असेल तर ते इथे. हल्ली स्पॅमवालेही परत यायला शिकलेत, त्यामुळे ही युक्ती पूर्वीइतकी चालत नाही.

आता परत मामाच्या ओसरीवर येऊ. जीमेलमध्ये कुठलाही मेल उघडून कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारली की ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय येतो (हे लॅपटॉपवर करा). तिथे तीन ओळी दिसतात. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. १९८२ च्या पोस्टकार्डाला नंतर लावलेली ही तीन ठिगळं. एसपीएफ म्हणजे कॉलेजने जगजाहीर लावलेली यादी: आमची पत्रं फक्त या-या पोस्टातून येतील. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील, वाटेत कुणी छेडछाड केली तर फुटणारं. आणि डीमार्क म्हणजे वॉचमनला दिलेली सूचना, की आमच्या नावाने कुणी आला आणि त्याच्याकडे या दोन्हींपैकी एकही आमच्या नावाची खूण नसेल तर त्याचं काय करायचं: सोडा, बाजूला बसवा की हाकला.

सरांच्या पत्राचं काय झालं होतं? कॉलेजने मागच्या वर्षी आपला जुना सर्व्हर बंद करून मेल एका होस्टिंग कंपनीकडे हलवलं होतं. पण यादीत पोस्ट जुनंच! नव्या ठिकाणाहून गेलेलं प्रत्येक पत्र कॉलेजच्याच यादीप्रमाणे संशयित ठरत होतं. पाकिटावर सील होतं, पण होस्टिंग कंपनीच्या नावाचं. आणि डीमार्कची सूचना कुणी लिहिलेलीच नव्हती. घर बदललं आणि रेशन कार्डावरचा पत्ता बदलायचा राहिला, एवढीच गोष्ट. तेवढ्यावर एका मुलीचं जर्मनी अडलं होतं.

पण नुसत्या यादीने इतकं होत नाही. पत खराब असावी लागते. म्हणून मी बहिणीला विचारलं, कॉलेजकडून तुला मेल किती येतात? तिने तिचं जीमेल उघडून दाखवलं. देवा! ‘उद्या ११ ते १ लाइट बंद राहील.’ ‘योगदिनाचे फोटो जोडले आहेत’ (पंचवीस एमबी). ‘स्टाफरूममधून स्टीलच्या डब्याचं झाकण हरवलं आहे.’ पास आउट झालेल्या मुलांना झाकणाशी काय देणंघेणं? “मंग मी त्याले स्पॅम करून टाकते,” ती म्हणाली. तिच्या वर्गातले बाकीचेही तेच करत होते.

हे ‘स्पॅम करून टाकणं’ आपल्याला डिलीटचा मोठा भाऊ वाटतो. तसं नाही. ती तक्रार असते, आणि तिची नोंद होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल धाडत असाल तर वरच्या तिन्ही गोष्टी हव्यातच, जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकवर नाव काढता आलं पाहिजे आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. झाकणाच्या मेलवर हजारात तीन पोरं वैतागणार नाहीत असं कॉलेज मला दाखवा! छोटं कॉलेज ५,००० च्या आत असेल, पण पत तर त्याचीही मोजली जाते. झाकणाची पत आणि शिफारसपत्राची पत एकच, कारण दोन्हींच्या पाकिटावर नाव एकच.

चिखलीच्या आसपासची कॉलेजं ज्या विद्यापीठाखाली येतात त्याचं नाव २००५ पासून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असं आहे. बाबा गावात आले की आधी झाडू घ्यायचे, कीर्तन रात्री. ते कुणाला ‘माझ्याकडे कचरा टाकू नका’ असं सांगत बसले नाहीत, हे मला त्या ओसरीवर बसून पहिल्यांदाच लक्षात आलं.

कॉलेजच्या सिस्टीमवाल्याचा नंबर मिळवला. एकटा पोरगा. प्रोजेक्टर, बायोमेट्रिक, वेबसाइट, प्राचार्यांच्या मुलाचा मोबाइल, सगळं त्याच्याकडे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने घरून लॉगइन करून यादीतली ओळ बदलली, सील कॉलेजच्या नावाचं करून घेतलं, आणि डीमार्कची सूचना आधी ‘फक्त बघा आणि कळवा’ अशी ठेवली. खर्च शून्य रुपये. सरांनी पत्र परत पाठवलं आणि जर्मनीहून पोच आली. अ‍ॅडमिशनचं अजून कळायचंय. तीन आठवड्यांनी त्या पोराचा मला फोन. डीमार्कचे रिपोर्ट यायला लागले होते आणि त्यात दिसत होतं की कॉलेजच्या नावाने, कॉलेजशी काही संबंध नसलेल्या सर्व्हरवरूनही मेल जातायत. कुणाला, कशासाठी, देव जाणे. अ‍ॅडमिशनच्या सीझनमध्ये कॉलेजच्या नावाने फीचा खाते नंबर पाठवणारा मेल काय करू शकतो याची कल्पना करा. आता त्याने सूचना ‘हाकला’वर नेलीय.

तुम्ही म्हणाल, यासाठी कायदा नाही? ईमेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. नको असलेल्या एसएमएस आणि कॉलसाठी ट्रायचे नियम आहेत, ते किती चालतात ते तुमच्या फोनला विचारा. आयटी कायद्यात ६६अ नावाचं एक कलम होतं, त्यात त्रास देण्यासाठी किंवा कुठून आला ते लपवून पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. ते गाजलं ते मात्र स्पॅमवाल्यांमुळे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद झाली त्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक मुलगी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं, आणि बरोबर केलं.

राहता राहिला मामा. मामा कॉमर्सचा प्राध्यापक, रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी. बहिणीचं काम झाल्यावर त्याने हळूच आपला लॅपटॉप पुढे केला. “माह्यंही पाय जरा.” इनबॉक्समध्ये दिवसाला वीसेक मेल, सगळे एकाच सुरात. डियर इस्टीम्ड प्रोफेसर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे, आपलं मौलिक संशोधन आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलला द्या. मी एकाचं ओरिजिनल उघडलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास! तिन्ही ठिगळं एकदम चोख. कारण ती फक्त एवढंच सांगतात की पाठवणारा तोच आहे. तो चोर आहे की साव, हे त्यात येत नाही.

हे पीक उगवलं कसं, तर मागणीमुळे. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. बढती हवी तर पेपर छापा. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या, लायब्ररीत दोन जर्नलं येणाऱ्या माणसाने काय करावं? मेल आला, पैसे भरले, पेपर छापून आला. हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेल्या दाव्यात २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. पुण्यातही या विषयावर काम झालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ जर्नलं तपासली, त्यातली सुमारे ८८ टक्के कमी दर्जाची निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून उडवली आणि पुढे केअर नावाची नवी यादी आली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअरही बंद केली. मेल चालूच आहेत.

मामाला मी डेव्हिड मॅझिएर आणि एडी कोलर या दोन अमेरिकन कॉम्प्युटरवाल्यांची गोष्ट सांगितली. अशा आमंत्रणांना वैतागून त्यांनी २००५ मध्ये दहा पानांचा एक पेपर लिहिला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आलेख आणि आकृत्यांसकट, एकच वाक्य: मला तुमच्या (इथे एक सणसणीत शिवी) मेलिंग लिस्टमधून काढा. २०१४ मध्ये एका ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाने तो पेपर अशाच एका जर्नलला वैतागून धाडला. तो स्वीकारला गेला! शेरा ‘एक्सलंट’, फी १५० डॉलर.

मामा इतका हसला की मामी बाहेर आली. तेवढ्यात नवा मेल आला. बँकॉकला स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक परिषद, आणि कीनोट स्पीकर म्हणून आमचे मामा, एम.कॉम.

“जाऊन या की,” मामी म्हणाली, “बिनरेल्वेचं तेवढंच सोपं पडते.”

मग आम्ही दोघांनी मिळून फिल्टर केला. ज्या मेलमध्ये ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ असेल तो सरळ कचऱ्यात. मी पुण्याला परतल्यावर आठवड्याने मामाचा फोन. फिल्टर झकास चालला होता, इनबॉक्स रिकामा. फक्त एक झालं होतं. मामाचे प्राचार्यही प्रत्येक नोटीस ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ने सुरू करतात, आणि आठवडाभराच्या सगळ्या नोटिसा कचऱ्यात गेल्या होत्या.

“मग फिल्टर काढू का?” मी विचारलं.

“कायले?” मामा म्हणाला. “राहू दे ना बापा.”